चांगला की वाईट?

(एखाद्या माणसाविषयी एका शब्दात मत देऊन मोकळे होण्याची आपल्याला सवय असते. ही सवय कुठे अपुरी पडते, हे या पाठात एका शास्त्रज्ञाच्या जीवनावरून सांगितले आहे. पाठ वाचताना मधेमधे थांबा आणि आपले मत वहीत लिहीत जा.)

विद्यार्थी मित्रांनो, घरातल्या लहान भावंडाला गोष्ट सांगताना तुम्हांला एक अनुभव नक्कीच आला असेल. गोष्टीत नवा माणूस आला, की ते लगेच विचारते, "हा चांगला आहे की वाईट?" उत्तर मिळाल्याशिवाय ते पुढची गोष्ट ऐकतच नाही. सिनेमा पाहतानाही तसेच होते. पडद्यावर कोणी नवे दिसले, की शेजारचा कुजबुजतो, "हा हीरोच्या बाजूचा आहे का?"

लहान मुलाचे यात काही चुकत नाही. कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे ठरल्याशिवाय गोष्टीत मन रमत नाही. पण तुम्ही आता मोठ्या वर्गात आला आहात. इतिहासाच्या पुस्तकात, वर्तमानपत्रात आणि आपल्या मोहल्ल्यातही तुम्हांला अशी माणसे भेटतील, की त्यांच्याविषयी हा प्रश्न विचारला तर उत्तर देणारा गप्प बसेल. अशाच एका माणसाची ही हकिकत आहे.

त्यांचे नाव फ्रिट्झ हाबर. त्यांचा जन्म १८६८ साली ब्रेस्लाऊ या शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील रंगांचा व्यापार करीत. मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि पुढे त्याच विषयाचा प्राध्यापक झाला.

त्या काळात जगातील विचारी लोकांना एक मोठी काळजी लागली होती. लोकसंख्या वाढत होती, पण जमिनीचा कस वाढत नव्हता. पिकाला वाढण्यासाठी नत्र लागतो. नत्र तर हवेत भरपूर आहे. शंभर भाग हवेत सुमारे ७८ भाग नत्रवायूच असतो. पण या वायूचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की पिकाला ते घेता येत नाहीत. भुकेल्या माणसाला धान्याच्या कोठारासमोर उभे करावे आणि कोठाराला कुलूप असावे, तशी ही गोष्ट आहे. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हे कुलूप उघडू शकतात. म्हणून तर आपले शेतकरी ज्वारीनंतर हरभरा घेतात. बाकी पिकांना शेणखताचा आधार. युरोपातील देश यासाठी दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या वाळवंटातून जहाजे भरभरून सोरा आणीत. तो सोरा एक दिवस संपणार होता. १८९८ साली विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने जाहीर भाषणात इशारा दिला, की हवेतील नत्र पकडण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञांनी शोधली नाही, तर गव्हाचा तुटवडा पडेल.

ती युक्ती हाबर यांनी शोधली. नत्र आणि हायड्रोजन हे दोन वायू त्यांनी खूप तापवले. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाखाली ते एकत्र आणले. क्रिया लवकर व्हावी म्हणून ऑस्मियम नावाचा दुर्मीळ धातू वापरला. रॉबर्ट ल रॉसिन्योल हे त्यांचे इंग्रज सहकारी. इतका दाब सोसणारी यंत्रे बनविण्यात त्यांचा मोठा हात होता. १९०९ सालच्या जुलै महिन्यात नळीतून अमोनिया थेंबथेंब गळू लागला. कार्ल बॉश या अभियंत्याने प्रयोगशाळेतील हे काम कारखान्यात आणले. १९१३ साली जर्मनीतील ओपाऊ येथे अशा अमोनियाचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला.

१९०० साली जगाची लोकसंख्या सुमारे १६५ कोटी होती. २०२२ साली ती ८०० कोटी झाली. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या पद्धतीने बनलेल्या खतावर अवलंबून आहे, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आपल्या महाराष्ट्रात अलिबागजवळ थळ येथे मोठा खत कारखाना आहे. तिथेही अशाच रीतीने अमोनिया बनतो आणि त्यापासून युरिया. आज तुम्ही खाल्लेल्या पोळीच्या गव्हात त्या थेंबांचा काही अंश असण्याचा बराच संभव आहे.

पाठ इथेच संपला असता तर काम सोपे होते. "थोर शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर" असे शीर्षक दिले असते आणि तुम्ही परीक्षेत दहा ओळी लिहिल्या असत्या.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्रजांच्या आरमाराने जर्मनीची समुद्रावरची वाट अडवली. चिलीचा सोरा येणे बंद झाले. सोरा केवळ खतासाठी लागत नाही. दारूगोळाही त्यापासूनच बनतो. मग ओपाऊच्या अमोनियापासून स्फोटके बनू लागली. हा शोध नसता तर जर्मनीला इतकी वर्षे लढता आले नसते, असे अनेक इतिहासकार मानतात. ज्या थेंबांतून भाकरी आली, त्याच थेंबांतून तोफेचा गोळाही आला.

पण एवढ्यावरून हाबर यांना दोष देणे बरोबर होणार नाही. चाकू बनविणाऱ्याला प्रत्येक खुनाचा जाब विचारता येत नाही. खरी गोष्ट पुढेच आहे.

हाबर यांनी सैन्याला एक नवे शस्त्र सुचविले. ते म्हणजे विषारी वायू. खंदकांत लपलेल्या सैनिकांना गोळी लागत नाही, पण हवेपेक्षा जड असलेला क्लोरीन वायू खंदकात उतरतो. हे शस्त्र कसे वापरायचे, हे सैनिकांना शिकविण्यासाठी हाबर स्वतः आघाडीवर गेले. २२ एप्रिल १९१५ रोजी संध्याकाळी बेल्जियममधील ईप्र गावाजवळ वाऱ्याची दिशा पाहून पाच हजारांहून अधिक नळकांडी उघडण्यात आली. सुमारे दीडशे टन वायू बाहेर पडला. हिरवट-पिवळा ढग जमिनीवरून सरकत समोरच्या फ्रेंच फौजेवर गेला. त्या फौजेत अल्जेरियातून आणलेले सैनिकही बरेच होते. शेकडो सैनिक गुदमरून मेले, हजारो जायबंदी झाले. विषाचा शस्त्र म्हणून उपयोग करू नये, असा करार अनेक देशांनी हेग शहरात आधीच केला होता आणि जर्मनी त्यात सामील होती. हाबर यांना मात्र कॅप्टनची बढती मिळाली.

चार दिवसांनी, २६ एप्रिलला, त्याच मैदानावर हिंदुस्थानी सैनिकांची लाहोर डिव्हिजन उतरली. त्यांच्यावरही वायू सोडण्यात आला. वायूपासून बचाव करणारे मुखवटे तेव्हा नव्हते. तोंडावर ओले कापड धरणे, एवढाच काय तो उपाय. या फौजेत तिराहचे जमादार मीर दस्त होते. त्यांच्या पलटणीत एकही इंग्रज अधिकारी उभा राहिला नाही, तेव्हा त्यांनी विखुरलेल्या सैनिकांना गोळा करून सांभाळले. गोळ्यांच्या माऱ्यात त्यांनी आठ जखमी इंग्रज व हिंदुस्थानी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेण्यास मदत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च पदक मिळाले. वायूने झालेला त्रास मात्र पदकाने बरा झाला नाही.

याच मीर दस्त यांचे भाऊ मीर मस्त हेही त्याच युद्धात इंग्रजांच्या फौजेत होते. मार्च १९१५ मध्ये ते आपल्या काही साथीदारांसह पलटण सोडून जर्मनांकडे निघून गेले. इंग्रजांच्या कागदांत एक भाऊ शूर आणि दुसरा फितूर. पण ज्या देशाला इंग्रजांनी गुलाम केले होते, त्या देशाच्या माणसाने इंग्रजांचे युद्ध सोडले, तर त्याला फितूर म्हणावे का? आणि मीर दस्त यांनी परक्या राजासाठी शौर्य दाखविले, म्हणून ते शौर्य खोटे ठरते का? माझ्या मते नाही. ज्यांना त्यांनी उचलून नेले, ती माणसे खरीच होती. तुम्ही वर्गात या प्रश्नावर बोला. एकमत झाले नाही तरी बिघडत नाही.

आता हाबर यांच्याकडे परत वळू. या माणसाला चांगला म्हणावे की वाईट?

काही विद्यार्थी म्हणतील, "सर, वजाबाकी करू. कोट्यवधी लोकांना अन्न मिळाले, ती जमा. वायूने मेलेले सैनिक, तो खर्च. जमा जास्त आहे, म्हणून माणूस चांगला." जमा आणि खर्च हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत आणि दुकानाच्या वहीत ते फार उपयोगी पडतात. पण इथे ही वही चालत नाही. त्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या वायूंनी मिळून सुमारे ९० हजार सैनिक मेले. ज्या आईचा मुलगा असा गुदमरून गेला, तिच्यासमोर गव्हाचे पोते ठेवून "हिशेब चुकता झाला" असे कोणी म्हणू शकेल का? आणि उलटही पाहा. वायू सोडला म्हणून खताचा शोध खोटा ठरत नाही. दोन्ही रकमा आपापल्या जागी तशाच राहतात. एकीने दुसरी पुसली जात नाही.

दुसरे काही विद्यार्थी म्हणतील, "तर मग ते थोडे चांगले, थोडे वाईट. काळे-पांढरे मिसळले की करडा रंग होतो." हे उत्तर ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण ते आळसाचे आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा गावांत राहणाऱ्या मुलांना माग माहीत असतो. ताणा पांढरा आणि बाणा काळा घेतला, तर लांबून कापड करडे दिसते. पण जवळ जाऊन पाहिले तर करडा धागा एकही सापडत नाही. प्रत्येक धागा एक तर काळा असतो किंवा पांढरा. माणसाचे कामही असेच जवळ जाऊन, धागा धागा सोडवून पाहावे लागते.

न्यायाधीश हेच करतो. "हा माणूस कसा आहे?" असे तो विचारत नाही. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी या माणसाने हे कृत्य केले का, जाणूनबुजून केले का आणि त्याची कैफियत काय आहे, असे तो विचारतो. आपणही विचारू.

हाबर यांची कैफियत अशी होती. नव्या शस्त्राने युद्ध लवकर संपेल आणि एकूण माणसे कमी मरतील. गोळीने मरणे आणि वायूने मरणे यांत फरक काय? युद्धाच्या काळात शास्त्रज्ञाने आपल्या देशाचे काम केले पाहिजे. यांतील एकही मुद्दा वेड्या माणसाचा नाही. देशावर त्यांचे प्रेम होते, हेही खरे. पण युद्ध लवकर संपले नाही, ते आणखी साडेतीन वर्षे चालले. सप्टेंबर १९१५ मध्ये इंग्रजांनीही लूस येथे क्लोरीन सोडला. मग दोन्ही बाजू अधिकाधिक भयंकर वायू बनवू लागल्या आणि तरीही हाबर थांबले नाहीत. म्हणून ईप्रचे कृत्य चूक होते, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. गुंतागुंत समजून घेणे म्हणजे मत न देणे नव्हे.

आता दुसरा धागा घ्या. युद्धानंतर हाबर यांच्या संस्थेत किडे मारणाऱ्या विषांवर काम झाले. धान्याची कोठारे आणि जहाजे यांतील कीड मारावी, हा हेतू होता. त्या कामातून झायक्लॉन नावाचे कीटकनाशक निघाले. पुढे १९४० नंतरच्या काळात नाझींनी त्याच औषधाचा सुधारलेला प्रकार छळछावण्यांत माणसे मारण्यासाठी वापरला. त्या छावण्यांत लाखो यहुदी मारले गेले आणि त्यांत हाबर यांचे नातेवाईकही होते. याचा दोष हाबर यांना द्यावा का? ते तर १९३४ सालीच वारले होते. ईप्रला पुढे काय होणार हे त्यांना पक्के माहीत होते, इथे काहीच माहीत नव्हते. परिणाम दोन्हीकडे भयंकर, पण दोष सारखा नाही.

तिसरा धागा. १९१८ सालचे नोबेल पारितोषिक अमोनियाच्या शोधासाठी हाबर यांना जाहीर झाले, तेव्हा इतर देशांतील शास्त्रज्ञांनी निषेध केला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. यहुदी नोकरदारांना काढून टाकण्याचा कायदा झाला. हाबर यांनी तरुणपणीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण नाझींच्या लेखी ते यहुदीच होते. तरीही युद्धातील कामगिरीमुळे त्यांची स्वतःची नोकरी वाचत होती. फक्त आपल्या संस्थेतील यहुदी सहकाऱ्यांना त्यांनी काढायचे होते. त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. ज्या देशासाठी त्यांनी आपली कीर्ती पणाला लावली होती, तो देश वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांना सोडावा लागला.

ते इंग्लंडला केंब्रिज येथे गेले. तिथे अर्नेस्ट रदरफर्ड या थोर शास्त्रज्ञाने त्यांना भेटायला नकार दिला. वायुयुद्ध सुरू करणाऱ्या माणसाशी हात मिळविण्याची त्यांची तयारी नव्हती. ज्या विल्यम पोप यांनी हाबर यांना केंब्रिजला बोलावले, त्यांनी युद्धात इंग्लंडसाठी मस्टर्ड नावाचा विषारी वायू बनविण्याची पद्धत शोधली होती! रदरफर्ड बरोबर की पोप? मला रदरफर्ड यांचा नकार समजतो. पण बेघर झालेल्या म्हाताऱ्या माणसाला जागा देणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही.

तुमच्या लक्षात आले असेल, की या पाठात हाबर यांच्यासाठी 'ते' हा शब्द वापरला आहे. मराठीत 'तो' म्हणावे की 'ते', हे बोलण्यापूर्वीच ठरवावे लागते. उर्दूतही मोठ्या माणसाविषयी बोलताना क्रियापद बदलते. भाषाच जणू विचारते, "मान देणार की नाही?" मग आपण 'ते' का म्हटले? वडीलधाऱ्या, अनोळखी माणसाविषयी असेच बोलण्याची आपली रीत आहे, म्हणून. 'ते' म्हणजे चांगुलपणाचा दाखला नाही.

माणसांचे सोडा, युरियाच्या पोत्याविषयीही एका शब्दात उत्तर देता येत नाही. पिकाला हवा तेवढा युरिया दिला, तर कणीस भरते. जास्त दिला, तर उरलेला नत्र पावसाबरोबर विहिरीत आणि नदीत जातो. हवेत जाणाऱ्या भागाने पृथ्वीचे तापमान वाढते. म्हणून कोणी "रासायनिक खत म्हणजे विष" म्हणतो, तर कोणी "खताशिवाय उपासमार". शेतकऱ्याला या दोन्ही घोषणांचा उपयोग नसतो. कोणत्या जमिनीला, कोणत्या पिकाला, किती आणि कधी, हे त्याला हवे असते.

आणि आपल्या मोहल्ल्यात? एखादा दुकानदार काटा मारतो आणि कोणाच्या घरी मयत झाली तर सर्वांत आधी धावून येतो. काटा मारतो म्हणून त्याने दिलेला खांदा खोटा नाही आणि खांदा दिला म्हणून कमी भरलेली साखर पूर्ण होत नाही. साखर कमी भरली, तर त्याला तसे तोंडावर सांगा. पण "ते लोक असेच असतात" हे वाक्य कोणी एका माणसाविषयी नव्हे, तर अख्ख्या वस्तीविषयी, अख्ख्या जमातीविषयी बोलतो, तेव्हा जास्त सावध व्हा. एका माणसाचे धागे सोडवायला इतकी पाने लागतात, तर लाखो माणसांचा निकाल एका शब्दात कसा लागेल? हे वाक्य कधी तुमच्याविषयीही बोलले जाईल, कधी तुमच्याच तोंडून निघेल.

हाबर २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात वारले. पुढल्या वर्षी त्याच तारखेला बर्लिनमध्ये मॅक्स प्लँक या वृद्ध शास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी स्मृतिसभा ठेवली. नाझी सरकारने प्राध्यापकांना तिथे जाण्यास मनाई केली होती. प्लँक यांनी सभा रद्द केली नाही. मुख्य भाषण ओटो हान यांनी केले. युद्धात तेही हाबर यांच्या वायुपथकात होते. सभागृह भरले होते. ज्या प्राध्यापकांना येता आले नाही, त्यांच्यापैकी कित्येकांच्या बायका त्यांच्या जागी येऊन बसल्या होत्या.

स्वाध्याय

१. पिकांना हवेतील नत्र थेट का घेता येत नाही? जिवाणूंची मदत कोणत्या पिकांना मिळते?

२. ईप्रचा वायू आणि झायक्लॉन या दोन्ही बाबतींत हाबर यांचा दोष सारखा नाही, असे लेखकाला का वाटते? तुम्हांला ते पटते का?

३. 'जमाखर्च', 'कैफियत', 'जायबंदी', 'फितूर', 'दाखला' हे शब्द वापरून वाक्ये तयार करा. यांपैकी कोणते शब्द उर्दूतही आहेत? त्यांच्या अर्थात काही फरक आहे का?

४. रदरफर्ड आणि पोप यांच्यात हाबर यांच्याविषयी झालेला संवाद कल्पनेने आठ-दहा वाक्यांत लिहा.

५. तुमच्या ओळखीच्या एका माणसाची एक चांगली आणि एक न आवडलेली कृती लिहा. नाव लिहू नका. 'पण' हा शब्द न वापरता लिहून पाहा.